पडायला शिकवणाऱ्या इंदूताई

इंदूताई सोनकांबळे जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या की खाली गल्लीत आमचं बोलणं थांबायचं. त्यांच्या घराचा जिना बाहेरून होता. अरुंद, सिमेंटचा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडा बसवायचा म्हणून घरमालक वर्षानुवर्षं म्हणत होता. पासष्टी ओलांडलेली ही ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई हातात पिशवी घेऊन वर उभी राहायची, समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावायची आणि पायाकडे एकदाही न बघता उतरायची. भिंतीला हात नाही, घाई नाही. त्या खाली पोचल्या की आमचा अडकलेला श्वास सुटायचा आणि तो त्यांना ऐकू जायचा.

"काय, आज बी न्हाई पडले," असं म्हणून त्या भाजीला निघून जायच्या.

नांदेडातल्या आमच्या वसाहतीत त्यांना ज्युडोवाल्या बाई म्हणत. मुखेडच्या मुलींच्या शाळेत त्यांची नोकरी झाली, पीटीच्या बाई म्हणून. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पोरींना दोन्ही वेण्या वर बांधायला लावून एकमेकींना उचलून आपटायला शिकवायच्या. पोरींचे बाप शाळेत भांडायला यायचे म्हणे, आणि मुलगी धाडकन आपटून पुन्हा उठलेली पाहून गप्प परत जायचे. चटईवर घासून घासून इंदूताईंचा डावा कान चुरगळल्यासारखा झाला होता. समोरच्याची जाड कॉलर पकडून बोटं वाकडी झाली होती. सुईत दोरा ओवून घ्यायला त्या माझ्याकडे यायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी अश्विनी लातूरला नोकरीला. वर त्या एकट्याच राहायच्या आणि खालच्या शेजारात आम्ही.

त्यांची एक सवय लोकांना अजिबात आवडायची नाही. कोणी वयस्कर माणूस भेटला की त्या बोलता बोलता त्याच्या खांद्याला बोट लावून हलकंच ढकलायच्या. माणूस डुलला की त्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो ते बघायच्या. भिंतीकडे, शेजारच्या माणसाकडे, का नुसताच हवेत. मग मान हलवून पुढे जायच्या. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलायची.

आमच्या सासूबाई, जिजाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या तर घराबाहेरच पडत नव्हत्या. एका पावसाळ्यात गल्लीतली दोन म्हातारी माणसं पडली. एक न्हाणीत, एक दारातल्या शेवाळावर. दोघंही पुन्हा उठली नाहीत. तेव्हापासून आमच्या यजमानांनी, बालाजींनी, आईच्या पायाखालची जमीन जवळजवळ काढूनच घेतली. बाहेर जायचं नाही, अंगणात जायचं नाही, न्हाणीत जाताना सुनेला हाक मारायची. अर्धापूरजवळच्या खेड्यात केळीच्या बागेत चिखलातून घड वाहिलेली बाई दिवसभर दिवाणावर बसून पंख्याकडे बघायची. उठायला लागल्या की मीही धावत जायचे. भीती आमच्या सगळ्यांच्या अंगात भिनली होती.

एक दिवस इंदूताई दोरा ओवून घ्यायला आल्या. आत्या दिवाणाला धरून उभ्या होत्या. इंदूताईंनी खांद्याला बोट लावलं. आत्या धप्पकन मागे बसल्या आणि रागाने लालबुंद झाल्या.

"काय करायल्यास गं? माझा जीव घेतीस का?"

"जिजाबाई, तुमचे पाय चांगले हायेत," इंदूताई म्हणाल्या. "भीतीनं खराब झालेत. उद्यापासून विहारात या. मी पडायला शिकवायलेय."

"पडायला?"

"हाव. पडायला. चालायला तर सगळेच सांगतात."

बालाजींनी साफ नाही म्हटलं. आत्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ नेसलं, पाण्याची बाटली घेतली आणि मला म्हणाल्या, "चल, पाहून तर येऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्या विहाराची पायरी चढल्या. चढताना माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. ती पकड सगळी पायरीच्या भीतीची नव्हती, हे मला कळत होतं. विहार बौद्धवाड्याचा आणि आम्ही पाटलाच्या घरचे. दाराशीच भिंतीला टेकून त्या बसल्या. मारोतीरावांनी माठातलं पाणी पुढे केलं, तर आपली बाटली दाखवली.

मारोतीराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. देगलूर लाइनवर हयात गेली. विहाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. सभागृहात त्यांनी गाद्या अंथरून वर पांढरी चादर ताणून बसवली होती. सात-आठ म्हातारी माणसं कडेला उभी होती. गादीवर पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं.

"ताई, मेल्यावर आडवंच व्हायचंय की," मारोतीराव म्हणाले. "आत्ताच कशाला घाई करायलाव?"

सगळे हसले. हसणं थांबायच्या आत इंदूताई गादीच्या कडेला उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड करून, हात छातीवर आडवे. आणि सरळ मागे पडल्या. कोणीतरी किंचाळलं. दोन्ही हातांची थाप गादीवर अशी बसली की सभागृह घुमलं. आत्या दाराशी उठून उभ्याच राहिल्या, कशालाही न धरता. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

इंदूताई पडल्या पडल्याच बोलल्या. "डोकं टेकलं का माझं? बघा. हनुवटी छातीला. पडताना माणूस हात टेकवायला जातो आणि मनगट मोडून घेतो. डोकं मागं टाकतो आणि जीव जातो. हात टेकायचा न्हाई, आडवा आपटायचा. उद्यापासून झोपून सुरुवात. मग बसून. मग उकिडवं. उभ्यानं कोणालाच पाडणार न्हाई मी, घाबरू नका."

अशी ती शाळा सुरू झाली. म्हातारी माणसं पाठीवर निजून मान उचलायची, हात आपटायची, धापा टाकायची. मग रांगत भिंतीपाशी जाऊन, एक गुडघा वर घेऊन उठायची. उठण्यावर इंदूताईंचा फार जोर. "पडलेला माणूस हाक मारत पडून राहतो. तुम्ही हाक मारा, पण उठायला लागा." संपल्यावर एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावून गाद्यांच्या कडेने चालणं. "पायाकडं बघू नका! तळव्यानं जमीन चाचपा. तळवा सांगतो, डोळा न्हाई सांगत." काही आठवड्यांत आत्या न्हाणीत एकट्या जाऊ लागल्या. बालाजी बाहेर उभे राहून कान देत. आतून तांब्याचा आवाज आला की बरं वाटायचं, आवाज थांबला की ते दारावर टकटक करायचे.

आणि मग ते झालं. आत्या उकिडव्या बसून बाजूला पडायचं शिकत होत्या. कोणाचा तरी फोन वाजला, आत्यांनी तिकडे मान वळवली, तोल गेला आणि हात टेकला गेला. फार मोठा आवाज झाला नाही. आत्या ओरडल्याही नाहीत. मनगटाकडे बघत बसल्या. ते भलत्याच कोनात वळलं होतं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्यावर बालाजी तडक विहारात गेले. मी मागे धावले. इंदूताई गाद्या गुंडाळत होत्या.

"माझ्या आईला मारून टाकायचं होतं का तुम्हाला?" बालाजींचा आवाज फाटला होता. "चांगली घरात बसलेली होती."

इंदूताई उभ्या राहिल्या. "हाव, माझ्या वर्गात मोडलं. माझी जिम्मेदारी."

"जिम्मेदारीला काय चाटायचंय? कंबर मोडली असती म्हणजे?"

त्यांनी स्वतःची बाजू मांडली असती तर बालाजींचा राग निवळला असता. त्या तशाच उभ्या राहिल्या, खाली मान न घालता. त्याने ते आणखी भडकले आणि बोलू नये ते बोलून गेले, तुम्ही आमच्याकडे येता कशाला, आम्हाला तुमच्या विहारात बोलवता कशाला, असलं काही. दारात जमलेली माणसं पुढे सरकली. क्षणभर वाटलं, आता हातघाईवर येणार. मारोतीराव मध्ये आले आणि बालाजींना घेऊन बाहेर गेले.

विहाराच्या समितीच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी वर्ग बंद केला. उद्या कोणाचं खरंच काही झालं तर गावात दोन समाजांत आग लागेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मारोतीरावांनी सभागृहाला कुलूप घातलं. त्यानंतर इंदूताई रोज संध्याकाळी आमच्या दारासमोर येऊन उभ्या राहायच्या. हाक नाही, कडी नाही. जरा वेळ थांबून निघून जायच्या. बालाजी टीव्हीचा आवाज वाढवायचे. आत्या दिवाणावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसलेल्या, पुन्हा पंख्याकडे नजर.

एका रविवारी सकाळी मी ओटा धूत होते, बालाजी बाहेर गाडी पुसत होते. आत्या कधी उठल्या, कधी चप्पल न घालता अंगणातून गेल्या, आम्हाला कळलंच नाही. बालाजींनी वर पाहिलं तेव्हा त्या इंदूताईंच्या जिन्याच्या अर्ध्यावर होत्या. प्लास्टरचा हात भिंतीच्या बाजूला, म्हणजे धरायला भिंतही उपयोगाची नाही. दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. बालाजींनी तोंड उघडलं, तशी मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आत्या आवाजाने दचकून वळल्या असत्या तर संपलंच होतं.

वर दार उघडलं. इंदूताई बाहेर आल्या. मला वाटलं आता धावत खाली येतील. त्या आल्या नाहीत. वरच्या पायरीवर बसल्या, म्हणजे आत्यांना वर मान करावी लागू नये.

"या जिजाबाई," अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडं बघा. पाय आपले येतात."

आत्या थांबल्या. पदर वाऱ्याने उडाला आणि चेहऱ्यावर आला. त्यांनी तो बाजूला केला नाही. थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या, आंधळ्यासारख्या. बालाजींच्या हातातलं फडकं पिळलं जाऊन पाणी गळत होतं. मग पदर आपोआप खाली आला आणि आत्यांनी पुढची पायरी घेतली. वर पोचल्यावर त्या इंदूताईंच्या शेजारी बसल्या आणि आम्हाला दिसलं, की दोघींचीही अंगं थरथरत होती.

बालाजी जिन्याशी गेले. वरून आत्या म्हणाल्या, "बाला, हिला सांग आपलं चुकलं म्हणून. न्हाईतर मी इथंच ऱ्हाते."

बालाजींनी सांगितलं, मान खाली घालून. नंतर समितीकडेही तेच गेले. कुलूप निघालं. प्लास्टर निघाल्यावर आत्या पुन्हा गादीवर आल्या. त्या दिवशी बाटली घरीच राहिली होती, का त्यांनी ठेवली होती, मी विचारलं नाही. माठातलं पाणी प्यायल्या.

इंदूताईंचं सगळं चांगलं चाललंय असं आम्ही धरून चाललो होतो. एका सकाळी वर्ग चालू असताना मारोतीराव एकदम ओरडले, "थांबा! कोणाला लागलं?" पांढऱ्या चादरीवर लाल डाग होते. पावलांचे. गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे आपापले तळवे उलटे करून बघायला लागले. म्हातारी माणसं एकमेकांना धरून, घाबरून, पाय वर करत होती. इंदूताईही वाकून आत्यांचा पाय बघत होत्या.

"ताई," आत्या हळूच म्हणाल्या, "तुमचाच हाय."

त्यांच्या उजव्या तळव्यात काचेचा तुकडा घुसलेला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. त्या त्याच्यावर कधीपासून चालत होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी तो काढला तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. नुसत्या बघत राहिल्या, दुसऱ्याच कोणाचा पाय असल्यासारख्या.

दवाखान्यात सगळं बाहेर आलं. साखर जुनी. दोन्ही तळवे कधीचे बधिर झालेले. "पाय मुके झालेत सुनंदा," त्या मला म्हणाल्या. "लई दिवस झाले. मला वाटलं सवयीनं भागवून नेईन." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही खाली उभं राहून ज्या उतरण्याकडे धास्तावून बघायचो, ते त्या जमीन न कळता उतरत होत्या. पायरी तिथे आहे एवढ्या आठवणीवर.

जखम चिघळली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जिना आता अशक्य होता, म्हणून आम्ही त्यांना आमच्या पुढच्या खोलीत आणलं. आत्यांचा दिवाण त्यांना दिला. आणि तिथे मला अशा इंदूताई दिसल्या ज्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. उठायचं म्हटलं की चेहरा पांढरा पडायचा. भिंत, खुर्ची, दाराची चौकट, जे मिळेल ते धरायच्या. जखम भरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी त्या उठेनात. अश्विनी लातूरहून आली, आईला घेऊन जाते म्हणाली. इंदूताई "हाव" म्हणाल्या. इतक्या लवकर हाव म्हणाल्या की अश्विनीलाच रडू आलं.

त्या दुपारी आत्यांनी त्यांच्यासमोर चहाची कपबशी ठेवली, हाताला लागणार नाही इतक्या लांब.

"उठून घ्या."

"जिजाबाई, जवळ द्या."

"उठा की. आम्हाला लई सांगत होताव."

इंदूताईंनी शेजारचा तांब्या उचलून भिंतीवर फेकला. पाणी आमच्या अंगावर उडालं. "तुम्हाला काय कळतंय? मला जमीनच लागत न्हाई पायाला! हवेत उभी ऱ्हाऊ का?"

आत्यांनी तांब्या उचलून आणला. खाली वाकून, गुडघ्यावर बसून, पुन्हा उठून. तेवढंच त्यांना नीट जमत होतं आणि त्यांनी ते सावकाश केलं.

"मला तरी कुठं होती जमीन?" आत्या म्हणाल्या. "ह्याच दिवाणावर बसून होते. तुम्ही आलाव म्हणून उठले. आता म्या कोणाला आणू तुमच्यासाठी? माझ्याच्यानं होईल तेवढं म्याच करीन."

अश्विनीने हात पुढे केला, तो इंदूताईंनी बाजूला सारला. मग त्या दिवाणावरून खाली फरशीवर उतरल्या, बसल्या बसल्याच. रांगत कपाकडे गेल्या. निवृत्त शिक्षिका, मुखेडात जिच्या शिट्टीला पोरी थरथरायच्या, ती आमच्या खोलीत आम्हा तिघींसमोर रांगली. एक गुडघा वर घेतला. थांबली. गुडघ्यावर हात दाबून उठली. उभी राहिल्यावर इतकी झुलली की मी पुढे झाले, पण आत्यांनी मला मनगट धरून मागे ओढलं. मोडून जुळलेल्या मनगटाची ती पकड.

चहा गार झाला होता. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला.

लातूरला जाण्याआधी काही आठवडे त्या विहारात आल्या. शिकवायला नाही. रांगेत, मारोतीरावांच्या शेजारी, झोपून सुरुवात. सांगायचं काम मारोतीरावांकडे. ते एसटी मागे घेताना कंडक्टर ओरडतो तसं "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" म्हणायचे आणि इंदूताई शिस्तीत ऐकायच्या. पायाला काही कळत नव्हतं, ते परत येणारही नव्हतं. म्हणून त्या कंबरेने, खांद्याने, डोळ्याने तोल शोधायला शिकत होत्या. आम्हाला सारखं पायाकडं बघू नका म्हणणाऱ्या इंदूताई आता घराबाहेर पाऊल टाकण्याआधी पायाकडे बघायच्या. "माझा नियम बदलला," म्हणाल्या. "तुमचा तोच."

नंतरच्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला एका लग्नाला गेलो, तेव्हा मी आत्यांना घेऊन इंदूताईंकडे गेले. अश्विनी ऑफिसात होती. इंदूताईंनी जाड तळाचा बूट दाखवला, वाळकाची कोशिंबीर खायला घातली, आत्यांना दोनदा ढकलून बघितलं. आत्या आणि त्या बाजूबाजूला बसून राहिल्या. त्यानंतर काही महिन्यांतच इंदूताई गेल्या. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. हृदयाचं निमित्त झालं. तेव्हा ही भेट शेवटची ठरली. पण मला आठवतं ते त्या भेटीतलं काही नाही, निरोप घेऊन निघाल्यानंतरचं.

आमची ऑटो गल्लीच्या वळणाशी अडकली. पाण्याचा टँकर आला होता आणि रस्ताभर बाया, घागरी, बादल्या, पाइपातून उडणारं पाणी, काळ्या मातीचा चिकट चिखल. मी मागे वळून पाहिलं तर इंदूताई बादली घेऊन आलेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, बादली भरून घेतली आणि परत निघाल्या. चिखलाच्या कडेला आल्या तेवढ्यात एक मोटारसायकल हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. त्यांचा डावा पाय घसरला. मी आत्यांचा हात धरला. इंदूताई एका बाजूला झुकल्या, इतक्या झुकल्या की आता गेल्याच. दुसरा हात आडवा पसरला, कंबर फिरली, गुडघे वाकले, बादलीतलं निम्मं पाणी सांडलं आणि त्या थांबल्या. पडल्या नाहीत. अर्धवट बसलेल्या, एका हातात बादली, चिखलात.

मी ऑटोवाल्याला थांबवायला पुढे झाले. "ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "हाक मारू नको."

इंदूताई हळूहळू सरळ झाल्या. कोणी पाहिलं का म्हणून इकडे तिकडे नजर फिरवली. बाया पाण्याच्या गडबडीत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. तेव्हा त्या हसल्या. एकट्याच, तोंड दाबून, शाळकरी पोरीसारख्या. मग उरलेलं पाणी घरी न नेता त्या पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.